उजवीकडे फिरणारी सीट

जरा पुढे सरकून बसा. मागे भिंतीला टेकलात की डोळा लागतो, आणि ही गोष्ट अर्ध्यात झोपण्यातली नाही. काशीबाई व्हॅनमधून कोलाडला कीर्तनाला गेल्या, त्या दिवसाची ही गोष्ट. त्या कीर्तनाला मी समोरच बसलो होतो. बाकीचं ज्यांच्यावर बेतलं त्यांच्याच तोंडून ऐकलंय. पदरचं काही घालणार नाही. चुकून घातलंच तर पांडुरंग समजून घेईल.

काशीबाई निडीजवळच्या एका गावच्या. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज असा की पहिली ओळ लावली की मागच्या रांगेतली कुजबुज आपोआप थांबायची. गेल्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळी बसली. काठी टेकत चार पावलं चालू लागल्या, पण मांडी घालणं कायमचं सुटलं, आणि गाडीत चढणं-उतरणं म्हणजे डोंगर झाला. बऱ्या झाल्यावर पहिल्याच कीर्तनाला चौघा बाप्यांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून उतरवलं. लुगडं वर सरकलं. कुणीतरी मोबाइल धरला होता. बाईंनी कीर्तन केलं, घरी आल्या, आणि त्यानंतरची सगळी आमंत्रणं परत पाठवली.

"मला पोत्यासारखं उचलनार असाल तर दुसरी कुनी बघा," एवढंच म्हणायच्या.

हे सगळ्यात जास्त लागलं प्रदीपला. प्रदीप त्यांच्या मागे टाळ धरणारा. भाताची शेती, वर एक व्हॅन. तीच मंडळींना कीर्तनाला न्यायची. नात्याचा नाही, पण काशीबाईंना आत्या म्हणायचा. त्याने मोबाइलवर कुठेतरी फिरणारी सीट पाहिली. माणूस बसल्याबसल्या दाराकडे वळतो आणि पाय खाली सोडून उतरतो. झालं, तो काशीबाईंकडे गेला आणि म्हणाला, "आत्या, कोलाडचं आमंत्रण घ्या. तुम्हाला कुनी हात लावनार नाय. माझा शब्द."

बाईंनी घेतलं. त्याच्या शब्दावर घेतलं, हे ध्यानात ठेवा.

पेणला रामवाडीत निकेशचं दुकान आहे. गाड्यांच्या सीटा शिवतो, जोडीला वेल्डिंगही करतो. त्याने ड्रायव्हरशेजारची सीट काढली, खाली दोन लोखंडी चकत्या बसवल्या, मध्ये छऱ्यांचं कडं, बाजूला अडकवायचा दांडा. बोटाने ढकललं तरी वरची चकती गरगर फिरत होती.

"दोन्हीकडं मोकळी फिरंल, काका," निकेश म्हणाला. "पायजे तिथं दांडा टाका."

प्रदीपच्या कपाळाला आठी पडली. "दोन्हीकडं नाय. देवाला प्रदक्षिणा कुठून घालतोस?"

"उजवीकडून."

"मग? आत्या गंध लावून कीर्तनाला निघाली की ती नुसती आत्या राहत नाय. तिला उलटं फिरवू मी? उजवीकडंच फिरली पायजे."

"पन तिचं दार डावीकडं हाय."

"पुरा फेरा मारून येईल दाराशी. सायकलच्या मागच्या चाकाला असतो ना, तसा खटका बसव. एका बाजूला जाईल, उलटी येनार नाय."

निकेशने डोकं खाजवलं आणि खटका बसवला. मग प्रदीप स्वतः सीटवर चढला. जन्मभर भजनाला बसलेला माणूस. बूड टेकलं की मांडी आपोआप पडते. तशी मांडी घालूनच बसला. निकेशने सीट ढकलली. कट, कट, कट करत ती गिअरवरून, ड्रायव्हरच्या सीटवरून, मागच्या बाकांकडे तोंड करून थेट दाराशी आली. कुठे अडली नाही.

"मस्त जमलं, काका," निकेशही खूश झाला.

कीर्तनाच्या दिवशी दुपारी व्हॅन काशीबाईंच्या ओट्याला लागली. सीट दाराकडे वळवलेलीच होती. बाई ओट्यावरून अलगद मागे टेकल्या, प्रदीपने सीट ढकलली, आणि गुडघे दारातून आत येत बाई समोर तोंड करून बसल्या. आत येताना फिरणं उजवीकडचंच होतं, त्यामुळे कसलीच अडचण नव्हती. शेजारच्या बायका बघत उभ्या होत्या. काशीबाईंनी प्रदीपच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाबा, माझं गेलेलं कीर्तन तू परत आनलंस."

"आम्हाला पन एक चक्कर दे की," मागून पेटीवाले हैबतराव म्हणाले. "आम्ही काय घोडं मारलंय तुझं?"

रोह्याला डिझेल भरताना प्रदीपने पंपावरच्या माणसालाही ती सीट दाखवली. प्रदक्षिणेचंही सांगितलं.

कोलाडला मांडवाच्या तोंडाशी बायका आरत्यांची तबकं घेऊन डाव्या दाराशी उभ्या होत्या. प्रदीप तुरतुर उतरून आला. "कुनी हात लावायचा नाय. जरा मागं सरा," म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दांडा ओढला, सीट ढकलली. कट. कट. आणि काशीबाईंचे गुडघे गिअरच्या दांड्याला जाऊन भिडले.

"आत्या, मांडी घाला. मांडी घातली की जाईल."

बोलून गेला, आणि मग त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. बाईंच्या खुब्यात सळी आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. दवाखान्यात डबा तोच पोचवत होता. सीट मागे घ्यायला गेला, तर खटका मागे घेऊ देईना. खोलायचं तर पाने पेणला, निकेशच्या दुकानात. ओवाळायला आलेल्या बायकांकडे बाईंची अर्धी पाठ झाली होती.

"बसवायची सोय केलीस," हैबतराव म्हणाले, "उतरवायची काय देवावर सोडलीस?"

लोक हसले. प्रदीपचे कान लाल झाले.

"चौघं या रे, उचला," यजमान म्हणाले. "निरांजनं विझायला आली."

दोघांनी बाह्या वर केल्या. काशीबाईंनी दोन्ही हातांनी सीटची कड धरली. आणि प्रदीपकडे बघितलं. तो दारात आडवा उभा राहिला.

"उचलायचं नाय."

"मग काय गाडीसकट नेतोस मांडवात?"

काशीबाईंनी समोर पाहिलं. अर्धवट वळलेल्या सीटवरून समोर दिसत होतं ते ड्रायव्हरच्या बाजूचं दार.

"प्रदीप, गाडी वळव," त्या म्हणाल्या. "तुझं दार मांडवाकडं येऊ दे. मग ते उघड नि खाली उतर."

तसं केलं. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटपलीकडून, स्टिअरिंगच्या बाजूने, काशीबाईंनी नमन लावलं. आम्ही सुरुवातीला हसत होतो, खोटं कशाला सांगू? दुसऱ्या चरणाला आमची मान डोलायला लागली. निरूपणाला पोचल्या तेव्हा माझ्यापुढे ना व्हॅन होती, ना चाकं. एक म्हातारी होती आणि तिचा देव होता.

पण प्रदीप होता. बाईंच्या हातात चिपळ्या, त्यामुळे माइक धरायला तोच दाराशी उभा. टाळकरी कायम मागे असतो. त्या दिवशी तो सगळ्या गावाच्या तोंडासमोर, मान खाली घालून, एका हातात माइक, दुसऱ्या हाताचं काय करावं ते न कळलेला. कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला आले. बाईंचे पाय आत गिअरपाशी, म्हणून प्रत्येकजण प्रदीपच्या अंगावरून वाकून ड्रायव्हरच्या सीटच्या कडेला डोकं टेकवत होता. एक म्हातारबाबा गर्दीत चुकून त्याच्याच पाया पडले. तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले, ते मी पाहिलं.

परतीची वाट आणखी वाईट. काशीबाई रस्त्याकडे नव्हे, त्याच्याकडे तोंड करून बसलेल्या. आणि दर वेळी गिअर बदलायचा म्हटलं की त्याचा हात त्यांच्या गुडघ्याला लागायचा.

"किती वेळा पाया पडशील रे?"

"गिअर टाकतोय, आत्या."

"टाक, टाक. आशीर्वाद संपले माझे."

मागे हैबतराव हसले. प्रदीप हसला नाही. बऱ्याच वेळाने, रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "आत्या, मी देवाचा विचार केला होता."

"व्हय," काशीबाई म्हणाल्या. "माझा तेवढा राह्यला."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं प्रदीप मला नंतर म्हणाला. रोह्यातून गाडी गेली, निडी आली.

निकेशला फोन गेला होता. तो पाने घेऊन काशीबाईंच्या ओट्यावर बसलेलाच होता. आडवा होऊन सीटखाली शिरला, खटका काढून बाहेर टाकला. सीट डावीकडे सहज वळली. काशीबाईंनी काठी ओट्यावर टेकवली आणि स्वतःच्या पायांनी उभ्या राहिल्या.

"नाय ना उचललं कुनी?" त्या म्हणाल्या. "शब्द पाळलास."

प्रदीप गाडीच्या मागे गेला आणि उगाच टायर बघत बसला.

काशीबाई आता पुन्हा सगळीकडे जातात. पेण, रोहा, नागोठणे. प्रदीपच नेतो. दारापाशी सीट डावीकडे वळवतो आणि त्या उतरल्या की बाजूला होतो. टाळ मात्र धरत नाही. बाई दर कीर्तनाला त्याची जागा रिकामी ठेवतात, टाळ तिथे मांडून ठेवतात, एकदा तर नमन लावायच्या आधी त्याच्या नावाने हाक मारली. तो मांडवाच्या शेवटच्या खांबामागे उभा राहतो आणि तिथूनच ओठ हलवतो.

तेव्हा माझं एक मागणं ऐका. तुम्ही कधी या बाजूला कीर्तनाला आलात आणि खांबामागे असा कुणी दिसला, तर सीटचं विचारू नका. आणि नाम घ्याल तेव्हा त्याच्या वाटचंही एकदा घ्या. प्रदीपची आठवण ठेवा.