भज्यांच्या गाड्यावरचा शोध

जळकोटच्या स्टँडसमोर रामलिंगअप्पांचा भज्यांचा गाडा वीस वर्षं जोरात चालला. मग लातूरला त्यांच्या हृदयात स्टेंट बसवली आणि ही बातमी त्यांच्याआधी गावात पोचली. भजेवालाच ब्लॉक झाला म्हटल्यावर गिऱ्हाईक पांगलं.

त्यांची पुतणी महामाया नांदेडला याच आजारावर संशोधन करत होती. भेटायला आली तेव्हा अप्पांनी विचारलं, "माया, चरबीनं नळी तुंबती, एवढंच ना?"

"एवढंच न्हाई, काका. पेशींवर रिसेप्टर असतात. जंतू दिसला की बोंब मारणारे पहारेकरीच म्हणा. धमनीच्या भिंतीत बिघडलेली चरबी शिरली की ते तिलाबी जंतूच समजतात. बोंब ऐकून दुसऱ्या पेशी धावून येतात, चरबी खाऊन फुगतात, तिथंच मरतात. सूज येती, नळी कडक होती."

अप्पांचा चेहरा उजळला.

पुढच्या महिन्यात महामाया बसमधून उतरली, तर गाड्याभोवती ही गर्दी! वर फळा टांगलेला: 'चरबी निर्दोष. चूक पहारेकऱ्यांची. शोध : कु. महामाया, नांदेड.'

तिला घामच फुटला. हा फळा तिच्या सरांनी पाहिला असता तर? तिनं खडू मागितला. अप्पा देईनात.

"तूच बोललीस की!"

"अर्धंच ऐकलं तुमी! चरबी आत शिरलीच न्हाई, तर पहारेकरी बोंबलतील कशाला?"

गर्दीतले माणिकप्पा मास्तर हातातलं भजं तसंच धरून म्हणाले, "आता खरं सांगा, रामलिंगअप्पा. स्टेंट बसवल्यापासून तुमी सोता किती भजी खाल्ली?"

अप्पांनी झारा कढईवर ठेवला. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"एक बी न्हाई," ते पुटपुटले. "लई भ्या वाटतंय."

मास्तरांनी भजं हळूच परत ठेवलं. माणसं एकेक करून पांगली. अप्पा स्टुलावर बसले, महामायाही शेजारी टेकली. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघून तिलाही वाईट वाटलं.

"उद्यापासून शेंगा उकडू, काका. मी थांबते दोन दिवस."

"हाव. पण या पहारेकऱ्यांना गप करायचं औषध निघालं का न्हाई?"

"उंदरांवर चालू हाय. उंदरांत तर चांगला गुण येतोय."

अप्पांनी कढईखालचा गॅस बंद केला आणि उसासा सोडला.

"मजा हाय मग उंदरांची."