पाच गाड्यांची जागा

दशरथ ओव्हाळांच्या गॅरेजात पाच गाड्या होत्या. गॅरेज नव्हतं, गाड्याही नव्हत्या, पण शिस्त होती.

हे गॅरेज त्यांची मुलगी मैत्री चौथीत असताना, येरवड्यातल्या एका सिग्नलला सुरू झालं. सिग्नल सुटेना, पोरगी रडायच्या बेताला आली, तेव्हा पप्पांनी विचारलं, "समज, आपल्याकडे पाच गाड्यांची जागा आहे. कुठल्या लावायच्या?" पप्पा पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक असल्यामुळे खेळाला तिथल्या तिथे नियम लागले. जागा पाचच. नवी आणायची तर जुनी काढायची. आणणं असो की काढणं, दोघांची संमती हवी. एकाने हरकत घेतली की प्रस्ताव परत. मग पप्पांनी पहिल्या जागेवर पांढरी अँबॅसिडर लावली आणि मैत्रीने दुसऱ्या जागेवर रोड रोलर.

"रोड रोलर कशाला?"

"त्याला कोणी कट मारत नाही."

पप्पांनी विचार केला आणि मुद्दा मान्य केला.

आता मैत्री खराडीच्या एका कंपनीत टीम लीड होती, पप्पा निवृत्त होते आणि रोड रोलर जागचा हलला नव्हता. बाकीच्या जागांवर गाड्या आल्या नि गेल्या. एक दुमजली बस तर छताला लागते म्हणून दारातूनच परत गेली. छत उंच करावं असं मैत्रीचं म्हणणं होतं, पण पप्पांच्या मते त्याला महापालिकेची परवानगी लागली असती. गेल्या महिन्याभरात मात्र पप्पांनी कॉन्टेसा काढायला लावली, मग जीप काढायला लावली, आणि बदल्यात काहीच सुचवलं नाही. मैत्रीने हो म्हटलं. तिला वाटलं, त्यांचं मन लागत नसेल.

मन न लागायला कारणही होतं. खरी गाडी घरात एकच. छोटी, चंदेरी, डॅशबोर्डवर मुठीएवढी बुद्धमूर्ती. दसरा आला की पप्पा तीच गाडी काढून सगळ्यांना नागपूरला दीक्षाभूमीवर घेऊन जात, आणि यंदाही जाणार असं त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. "समोरचं दिसत राहील, कडेचं दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "गाडी चालवणं आता बंद." पप्पांनी मान डोलावली, डॉक्टरांचे आभार मानले आणि गाडी स्वतः चालवत घरी आणली. मैत्री शेजारी बसून बुद्धमूर्तीकडे बघत राहिली.

आणि या आठवड्यात त्यांनी सोसायटीच्या आवारातली एक पाटी पाडली. पाटीवर लिहिलं होतं, 'वाहने सावकाश चालवावीत.' सेक्रेटरी बद्रीनाथकाका धावत आले. पप्पा काच खाली करून म्हणाले, "सावकाशच होतो." बद्रीनाथकाकांना हे खोडता येईना. पण पाटीच्या पलीकडे, अगदी हातभरावर, गोदाबाई झाडू मारत होत्या. गोष्ट पाटीवर भागली इतकंच. त्या रात्री पप्पा न जेवता उठले, आणि कारण कोणाला सांगितलं नाही.

"रविवार आहे. आज किल्ली काढून घे त्यांच्याकडून," आई म्हणाली.

"तू घे ना."

"माझं ते फक्त मिठाच्या बाबतीत ऐकतात. तेही आधी चाखून बघतात."

मैत्री खाली पार्किंगमध्ये आली. पप्पा ड्रायव्हरच्या सीटवर बसून पिवळ्या फडक्याने स्टिअरिंग पुसत होते. ते आधीच चकचकीत होतं. ती शेजारी बसली. किल्ली मागायची कशी, हे तिने ऑफिसातल्यासारखं ठरवून आणलं होतं. आधी खेळात ड्रायव्हर ठेवायचा, मग तो हळूहळू खऱ्या गाडीवर आणायचा.

"पप्पा, गॅरेजची मीटिंग घ्यायची?"

"घे. सगळे सभासद हजर आहेत."

"एवढ्या गाड्या आणि माणसं दोन. मी म्हणते, एक ड्रायव्हर ठेवू. वैजनाथ म्हणून आहे एक. सज्जन माणूस आहे."

"तंबाखू खातो?"

"छे."

"मग त्याला झोप येत असणार. नको."

"बरं, आमोद आहे. तरुण आहे, चटपटीत आहे."

"आमोद गाणी बदलत बसेल."

"श्यामलाबाई आहेत. आयुष्यभर स्कूल बस चालवली त्यांनी."

पप्पांनी फडकं उलटं केलं. "त्यांना पोरांच्या गोंगाटाशिवाय करमायचं नाही. रिकाम्या गाडीत कशाला बसवतेस बिचारीला."

श्यामलाबाईंना मैत्रीने नुकतंच, बोलता बोलता जन्माला घातलं होतं, तरी तिलाही वाईट वाटलं. उमेदवार संपले. जागा रिक्त राहिली, सरकारी खात्यात राहते तशी.

"आता माझा प्रस्ताव," पप्पा म्हणाले. "अँबॅसिडर काढू."

मैत्रीला वाटलं, ते थट्टा करताहेत. पण ते फडक्याची घडी घालत होते, आणि थट्टा करताना ते कधी घडी घालत नसत.

"का?"

"स्टिअरिंग जड आहे."

"तुम्हाला कधीपासून जड व्हायला लागलं?"

"मला नाही गं. तुझे हात बघ. कीबोर्डवर चालणारे हात ते. कॉन्टेसा का काढली, सांग बरं."

"पेट्रोल फार पिते म्हणालात."

"नसलेली गाडी कितीसं पिणार? बॉनेट लांब होतं तिचं. तुझ्या उंचीला पुढचा रस्ता दिसला नसता. आणि जीपच्या क्लचला तुझा पाय पोचत नाही."

मैत्रीकडे लायसन्स होतं, पण ते विमानतळावर ओळख पटवायला. आणि हा माणूस महिनाभर एकेका गाडीत तिला बसवून बघत होता, तिच्या उंचीने, तिच्या हातांनी. तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. कधीच नसलेल्या अँबॅसिडरसाठी रडू येणं हे टीम लीडला शोभणारं नव्हतं.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली. "अँबॅसिडर राहणार."

प्रस्ताव नियमाप्रमाणे परत जायला हवा होता. पप्पांनी तो परत घेतला नाही.

"मैत्री," ते म्हणाले, "त्या दिवशी गोदाबाई मला दिसल्याच नव्हत्या."

पलीकडे कोणीतरी स्कूटर स्टँडवर लावली. कोणाचा तरी कुकर झाला. मैत्रीने नाक पुसायला काही सापडेना म्हणून तेच पिवळं फडकं घेतलं.

"मंजूर," ती म्हणाली.

"हं."

"आणि तिच्या जागी काय?"

पप्पांनी स्टिअरिंगवर हात ठेवला. "ही."

"ही तर खरी आहे. खरी गाडी चालत नाही आपल्या गॅरेजात."

"कुठल्या नियमात लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं.

"अट एकच," पप्पा म्हणाले, "चालवणार तू." त्यांनी किल्ली तिच्या मांडीवर ठेवली आणि दार उघडून उतरले. बॉनेटवर हात टेकवत, गाडीचा कडेकडेने अंदाज घेत ते हळूहळू डावीकडे आले. मैत्री तोवर गियर ओलांडून पलीकडे सरकली होती. सीट इतकी मागे होती की ती पुढे ओढताना मैत्रीला बुद्धमूर्ती जवळ येत चालल्यासारखी वाटली.

"मी किल्ली आणायला पाठवलं होतं," आई वरून गॅलरीतून म्हणाली, "गाडी न्यायला नाही."

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती हलली. बद्रीनाथकाकांनी आपली पाटी उचलली आणि पोटाशी धरून जिन्यात जाऊन उभे राहिले.

"रोड रोलर तरी राहू दे हं, पप्पा."

"राहू दे की. त्याच्या बरोबरीने चाललीयेस तू." पप्पा खिडकीच्या वरचा दांडा घट्ट धरून होते. "समोर मोकळं आहे. कडेचं तू सांग."

"डावीकडे गोदाबाई आहेत. झाडतायत."

पप्पांनी अख्खी मान वळवली, मग खांदे, मग जवळजवळ सगळेच वळले, आणि काचेतून हात जोडले. "दिसलात," ते म्हणाले. गोदाबाई झाडू छातीशी धरून पायरीवर चढल्या.

"पप्पा, दसऱ्याला नागपूर?"

"आधी गेट."

गेट आलं. बाहेरच्या रस्त्यावरून एक टेम्पो भसकन गेला, आणि आत दोघांनी एकाच वेळी, आपापल्या पायाखाली, जीव खाऊन ब्रेक दाबला. त्यातला एक खरा होता. गाडी थांबली.