गाणं सुटल्यावर

गिटारवाल्याने माइकचा स्टँड उचलला आणि ड्रमवाल्याच्या खांद्यावर हाणला. झांजा कलंडल्या. दुसरा घाव कपाळावर बसला आणि रक्त थेट पांढऱ्या ड्रमवर उडालं.

मैदानात कोणी हूं की चूं केलं नाही.

पहिल्या रांगेत, लोखंडी कठड्याला टेकून, ड्रमवाल्याची बायको उभी होती. बाळ छातीशी बांधलेलं, त्याच्या कानांवर आवाज अडवणारी जाडजूड झाकणं. ती किंचाळली, तसे शेजारच्या दाढीवाल्याने डोळे वटारले.

"वहिनी, शूऽऽ! गाणं सुटलंय."

हा या लोकांचा नेम. बँड एकच गाणं दोनदा सारखं वाजवत नसे. मधेच चाल सोडून वाट फुटेल तिकडे जाई. त्याला हे लोक 'सुटणं' म्हणत. गाणं सुटलं की टाळी नाही, शब्द नाही. ड्रमवाला सुरुवातीच्या ठेक्यावर परतला, की मगच सगळं मैदान तो ठेका टाळ्यांनी उचलणार. बँडच्या मागे गावोगाव फिरणारी माणसं ही. मागच्या खेपेला मधेच शिट्टी मारणाऱ्याला त्यांनी फरफटत फाटकाबाहेर नेलं होतं. आजवर मंचावर गिटारी फुटल्या होत्या, स्पीकर पेटले होते. हेही त्यातलंच, असं प्रत्येक जण धरून चालला होता.

"अहो, खरंच मारतायत ते त्यांना!"

"म्हणून तर बघा ना," दाढीवाला कुजबुजला. त्याचे डोळे भरून आले होते.

खरं काय ते तिलाच ठाऊक होतं. सकाळी तिच्या हट्टापायी नवऱ्याने गिटारवाल्याला सांगून टाकलं होतं: आजचा कार्यक्रम शेवटचा. घरात बाळ आहे, आता बास. गिटारवाले भाऊजी तेव्हा नुसते हसले होते, आणि हसता हसता गिटारची तार तुटेपर्यंत पिळत राहिले होते.

आता त्यांचा गुडघा नवऱ्याच्या छातीवर होता आणि गिटारची केबल त्याच्या गळ्याभोवती. नवऱ्याची टाच फळ्यांवर आपटत होती. बँडमधला बास गिटारवाला डोळे मिटून वाजवत होता. त्याने टाचेचा तोच ताल पकडला.

तिने कठड्यावर पाय टाकला. बाळ मधे चेंगरलं, तसा मागे घेतला. कोपऱ्यातल्या पहारेकऱ्याला हाक मारली. त्याने तोंडावर बोट ठेवलं.

मग तिने पिशवीतली पाण्याची स्टीलची बाटली काढली आणि कठड्यावर हाणली. दोन जड, एक हलका, मग रिकामी जागा: नवऱ्याचा सुरुवातीचा ठेका. पुन्हा दोन जड.

मागून कोणीतरी तिचे केस धरून मान मागे खेचली. एक बुक्की पाठीत बसली. तिने एका हाताने बाळाचं डोकं झाकलं; दुसरा थांबू दिला नाही.

"सोड रे तिला! वहिनी आहे," दाढीवाला खेकसला. "ड्रमवाल्या दादानेच सांगून ठेवलं असणार." आणि त्याने पहिली टाळी दिली.

मग रांगेने. मग अख्ख्या मैदानाने.

गिटारवाल्याचे हात थबकले. ठेका आला की चालीवर यायचं, ही इतक्या वर्षांची सवय. त्याने केबल सोडली, गिटार पुढे ओढली आणि पहिला सूर नेमका लावला. नवरा खोकत, रांगत स्टुलापर्यंत गेला. काठ्या हातात आल्या तशी त्याची मान ताठ झाली. मैदान ओरडून ओरडून वेडं झालं.

मंचामागच्या खोलीत डॉक्टरीणबाई शेवटचा टाका घालून हात धुवायला गेल्या. नवऱ्याच्या गळ्यावर केबलचा जांभळा वळ उठला होता. बाहेर टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या.

"पोलिसांना फोन करते," ती म्हणाली. "आणि आजच निघायचं आपण."

तो बाहेरचं ऐकत होता. बोटं मांडीवर चालली होती.

"ठेका तू धरलास?"

"मग कोण धरणार होतं?"

फाटलेल्या ओठाने तो हसला. "लवकर धरलास गं."

तिने त्याच्याकडे पाहिलं.

"अजून पुढे गेलं असतं ते. पुढच्या वेळी मी हात वर करेपर्यंत थांब."

बाळाच्या कानांवरची झाकणं काढायला तिने हात नेला होता. तो तिने तसाच मागे घेतला.