नोंदवहीतली हौसा

मुंबईच्या हॉस्पिटलचा नंबर दिसला की कमळाकर फोन उलटा ठेवायचा. वाजून वाजून तो आपोआप थांबायचा. दोन वर्षं हेच चाललं होतं. मंडळी, असे फोन आपणही टाळतोच की! ऑपरेशन झालं, माणूस घरी आला, आता त्यांना कशाला काय कळवायचं, असं आपल्याला वाटतं. कमळाकरचं कारण मात्र वेगळं होतं.

सहा वर्षांपूर्वी त्यानं बायकोला, हौसाला, आपली एक किडनी दिली होती. त्याआधी डायलिसिसच्या दिवसांत हौसा पाणीसुद्धा मोजून प्यायची. ऑपरेशननंतर पेणजवळच्या कासू गावी, घरी आल्यावर तिनं ओटीवर बसून अख्खा तांब्या रिकामा केला आणि स्वतःशीच हसली. पुढची चार वर्षं म्हणजे कमळाकरच्या आयुष्यातला सणच. थंडीत वाल तयार झाले की ती शेंगा खुडायला बांधावर सगळ्यांच्या पुढं. तो चिडला की म्हणायची, "जास्त बोलू नका, तुमची एक वस्तू माझ्याकडं हाय." आता तो एकटाच त्या बांधावरून जायचा, तेव्हा हेच शब्द त्याला आठवायचे.

एका सकाळी रोह्याहून नूरबानो आली. हौसाच्या ऑपरेशनच्याच आठवड्यात त्याच वॉर्डात तिला तिच्या भावानं, हसननं, किडनी दिली होती. तिथं दोघींची मैत्री जमली, ती दोन वर्षांपूर्वी हौसा वारली तोपर्यंत टिकली. चहा झाल्यावर नूरबानोनं विषय काढला. ती तपासणीला गेली होती, तेव्हा पेशंटचा पाठपुरावा करणाऱ्या नूतननं हौसाची चौकशी केली. हॉस्पिटलात हौसाची शेवटची नोंद होती, 'प्रकृती उत्तम'.

"मी काय बोलले नाय," नूरबानो म्हणाली. "सांगायचा हक तुझा हाय, भाऊ."

कमळाकर रिकामे कप उचलू लागला.

"असू दे ना तसंच. तेवढ्या एका कागदावर तरी ती बरी हाय."

नूरबानोचे डोळे भरून आले, पण ती मागे हटली नाही. "तो कागद बघून डॉक्टरांना वाटतं, सगळं बरं चाललंय. कुठं चुकलं ते कळलंच नाय, तर ते सुधारतील काय? आपल्या मागून त्या टेबलावर जे झोपतील, त्यांचा इचार कर."

तेव्हा कमळाकरनं मनातलं ओझं उतरवलं. भाताची झोडणी चालू असताना हौसाला ताप आला होता. झोडणी आटपली की मुंबईला जाऊ, असं तोच म्हणाला होता. पेणहून तापाच्या गोळ्या आणल्या. आठ दिवस गेले. नवव्या दिवशी पनवेलला नेलं, तेव्हा जंतुसंसर्ग रक्तात पसरला होता. हे सांगितलं तर सगळे आपल्यालाच दोष देतील, या भीतीनं त्यानं फोन घेतला नव्हता.

नूरबानोनं एवढंच विचारलं, की किडनीच्या औषधांनी अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून ताप आला तर त्याच दिवशी कळवायचं, हे त्याला कुणी नीट समजावलं होतं का. त्यानं आठवून पाहिलं. घरी सोडताना इंग्रजी कागदांची फाईल दिली होती. तिच्यात असेलही.

"मग हेच त्यांना सांग."

त्यानं फोन लावला. नूतननं एकही शब्द दोषाचा काढला नाही. तारखा विचारल्या, गोळ्या विचारल्या, आणि शेवटी विचारलं, "तुमची स्वतःची तपासणी कधी झाली, काका?" दात्याचीही तपासणी दरवर्षी व्हायला हवी, हे त्याला तेव्हा समजलं.

तपासणीला गेला, तेव्हा ऑपरेशन करणारे डॉ. सुशील त्याला भेटले. ज्यांचा पत्ता लागत नव्हता, त्या साऱ्यांचा शोध त्यांनी घेतला होता. लांबच्या गावांतल्या आणखी काही घरांत हीच गोष्ट घडली होती. ते म्हणाले, "ज्यांचं काही कळत नव्हतं, ते बरेच असतील असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या यशाचा आकडा आता खाली आला आहे, पण तो खरा आहे. ही चूक आमची होती."

नंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक पेशंटला मराठीत एक पान मिळू लागलं. ताप आला तर त्याच दिवशी ज्यावर फोन करायचा, तो नंबर वर ठळक अक्षरांत होता. पेणच्या एका डॉक्टरांनाही सारं समजावून ठेवलं.

पुढच्या झोडणीच्या दिवसांत नूतनचा फोन आला. रामवाडीच्या अक्षयला ऑपरेशननंतर काही महिन्यांनी ताप आला होता. त्याची बायको पूजा हिनं पहिल्याच दिवशी फोन केला, आणि दहा दिवसांनी तो चालत घरी आला. कमळाकरनं नूतनला विचारलं, की आता नोंदवहीत हौसाच्या नावापुढं काय लिहिलंय. नूतननं सगळं वाचून दाखवलं, शेवटच्या तारखेसकट. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं.

वाचकहो, आपलं माणूस बरं झालं तर कळवाच, पण गमावलं तरीही कळवा. आणि डॉक्टरांनो, यशाइतक्याच काळजीनं अपयशही लिहून ठेवा. पुढच्याचा जीव त्यातूनच वाचतो.