टर्न डाउन

आमच्या हॉटेलात संध्याकाळी खोली आवरतात, त्याला टर्न डाउन म्हणतात. पलंगावरचं वरचं पांघरूण काढायचं, रजईचा कोपरा दुमडायचा, पडदे ओढायचे, उशाशी दिवा लावायचा. पाहुण्यानं नुसतं यायचं आणि आडवं व्हायचं. हेच करता करता माझे केस पिकले. त्यामुळे मॅनेजरसाहेब जिन्यात भेटले आणि जाता जाता म्हणाले, "तुमचा सुपरवायझरचा अर्ज टर्न डाउन झालाय बरं का," तेव्हा मला वाटलं, चला, सगळं तयार आहे, आता आपण फक्त जाऊन बसायचं.

मी त्यांना थँक्यू म्हणाले. वर हसलेसुद्धा. कपडे धुणाऱ्या बायकांना चहा पाजला. घरी जाऊबाईंना सांगितलं, आणि जाऊबाईंना सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. जेवायच्या आत नणंदेचा फोन, "वहिनी, आता तुम्ही साहेबीण."

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरचा बिल्ला लावून कोण उभा? साहेबांचा मेहुणा. रिसेप्शनवरच्या पोरीनं मला बाजूला घेतलं. "मावशी, टर्न डाउन म्हणजे नाकारणं पण होतं हो," म्हणाली.

असला कसला मेला शब्द? पाहुण्याला निजवायलाही तोच आणि मला उठवायलाही तोच. जाऊबाई म्हणाल्या, "झाकली मूठ होती, तूच उघडलीस." लाज वाटली, खोटं कशाला बोलू. पण लाजेपेक्षा राग जास्त आला. इंग्रजी मला बेताचंच येतं, कबूल. पण साहेबांना मराठी येतं की. आईशी फोनवर तासन्‌तास बोलतात. मग माझ्याच वेळी जीभ का वळत नाही?

दुपारी त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "मावशी, आमच्या मेहुण्याला जरा काम शिकवा."

"नाही शिकवणार."

"म्हणजे?"

"आधी माझा अर्ज का नाकारला ते सांगा. मराठीत."

"सांगितलं ना तुम्हाला, टर्न..."

"ते नको. 'तुम्ही या कामाला लायक नाही,' एवढंच म्हणा. माझ्याकडे बघून म्हणा, मी मुकाट्यानं चादरी घालायला जाते."

साहेबांनी पेन उचललं, ठेवलं. "तसं नाही हो मावशी. तुमच्या कामाला कोण नाव ठेवेल?"

"मग कसं?"

"घरचे फार मागे लागलेत. याला कुठंतरी चिकटवायचा होता." हे ते टेबलाकडे बघत म्हणाले.

"बघा, आलं की मराठीत," मी म्हणाले. "आता हेच, अगदी अस्संच, हॉटेलच्या मालकीणबाईंना सांगायचं. समोरच्या खोलीत बसल्यात त्या."

"मावशी, नोकरी जाईल."

"कुणाची, ते त्या ठरवतील," मी म्हणाले, आणि दार उघडून धरलं.