रखमेनं ठेवलेलं नाव

बारशाला कुर्र करायला आत्या लागते. आत्या घरातच होती, चुलीपाशी. तिला कुणी हाक मारली नाही. मारून उपयोगही नव्हता. रखमा जन्माची बहिरी. कपाळावर पांढरी बट, डोळे निळे, हातांवर पांढरी ठिगळं. गाव त्याला कोड म्हणे.

आणि पाळण्यातली पोर?

तीच बट. तेच डोळे.

गिरण्यांचा मोठा संप मिटला तसा पोरीच्या आईचा, राहीबाईचा, नवरा मुंबईला परतला होता. ती मनातलं बोलणार कुणाशी? पोर ऐकते की नाही, एवढंच तिला कळायला हवं होतं.

कापडे गावातल्या बायका जमल्या. सासूनं, रंगूबाईनं, काशाचं ताट पाळण्याच्या दांडीला टेकवलं आणि पळी हाणली.

ठण्ण!

पोर दचकली.

"ऐकतंय गो, ऐकतंय! आत्यावर नाय गेली!" रंगूबाईचे डोळे भरून आले.

राहीबाईनं पोरीला उचलून मांडीवर घेतलं. "आता वाजवा, आई. लांबून."

ठण्ण.

पोर मूठ चोखत राहिली.

ठण्ण. ठण्ण. ठ—

"पुरे," राहीबाई म्हणाली. मघाशी पाळणा हादरला होता, तेवढंच.

बिरवाडीची चुलत आत्या चंद्राबाई पदर खोचून पुढे झाली. "आण गो इकडं. ऐको न ऐको, नाव तर ठेवूया."

ऐको न ऐको. राहीबाईनं पोरीला जवळ ओढलं. भरल्या घरात ही पोर जन्मभर एकटी—

एकटी कशी?

लग्न होऊन आली तेव्हा या घराचे हातवारे बघून ती तोंडाला पदर लावून हसायची. सासू हवेत दळायची, म्हणजे जात्यावर बस. नवरा तळवा चाटायचा, म्हणजे मीठ वाढ. रखमेनं वाढवलेली, सगळ्या घरानं शिकलेली अख्खी बोली. पोरीच्या आधी तिची बोली या घरात येऊन राहिली होती. देवा, केवढे उपकार तुझे!

ती उठली. पोरीला पाळण्यात ठेवलं आणि रखमेचा हात धरून तिला पाळण्यापाशी घेऊन आली.

"अगो राही, ती मुकी, कोडाची..."

"सख्खी आत्या हाय, आई. तुमचीच लेक."

रंगूबाई बाजूला सरकली.

रखमेनं पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि लांब, ऊन फुंकर घातली. पोर टकामका बघायला लागली. रखमेनं बोट आपल्या बटेवरून ओढलं, मग पोरीच्या. झालं नाव.

आता आत्याच्या पाठीत धपाटे. पण बायकांचे हात उठेनात. राहीबाईनं पहिला घातला, चांगला सणसणीत. रखमा गर्रकन वळली, आणि कळलं तशी खदखदून हसली.

"इतकी वर्सं कुणाच्या बारशाला पुढं येऊ दिली नाय तुला," रंगूबाई पुटपुटली आणि दुसरा धपाटा तिनं घातला. मग काय, पाऊसच.

चंद्राबाईनं सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘चांगुणा’ म्हटलं. राहीबाई रखमेसमोर बसली, पोरीचं नाव घ्यायला आपल्या कपाळावर बोट टेकवून थांबली. रखमेनं मान हलवली: असं नाही. तिचं बोट धरलं आणि केसांतून हळूच मागे ओढलं.

राहीबाईनं पुन्हा करून दाखवलं.