खांबाला झालेली कावीळ

"रंग खोटं बोलत नाही! माणसं बोलतात, आरसे बोलतात, जावई तर सर्रास बोलतात. रंग कधीच नाही!"

हे त्रिकालाबाधित सत्य रंगारीकाकांनी रांगेतल्या गर्दीला ऐकवलं, तेव्हा त्यांच्या अंगात स्वतःच रंगवलेला पक्क्या निळ्याचा सदरा होता आणि घामानं त्यांची मान निळीशार झाली होती.

रांग बाबांची होती. बंद पडलेल्या थिएटरच्या पायऱ्यांवर बाबा बसत. आजाऱ्याच्या हातांना पांढरा 'दिव्य लेप' चोळत, वरून तांब्यातलं 'दिव्य पाणी' सोडत, आणि बघता बघता हातांवरून पिवळेजर्द ओघळ वाहू लागत.

"निघाली! कावीळ मुळासकट निघाली!" बाबा गरजत. "लिव्हर आता नवं कोरं! गोळ्या फेका! रसायनानं रसायन वाढतं!"

या शेवटच्या वाक्याचा अर्थ कोणालाच कळत नसे, त्यामुळे ते सगळ्यांना पटत असे.

काकांना तर जरा जास्तच पटलं होतं. रक्तदानाला म्हणून ते हौसेनं गेले होते आणि हिपॅटायटिस बी घेऊन परतले होते. म्हणजे तो आधीपासूनच होता, कळलं तेव्हा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "विषाणू यकृतात ठाण मांडून बसलाय. दुखणार नाही, खुपणार नाही, डोळेही पिवळे होणार नाहीत. पण आतल्या आत वण पडतायत. रोज एक गोळी, आणि मला विचारल्याशिवाय बंद करायची नाही."

काका दुखावले. जन्मभर रंगात हात बुडवलेल्या माणसाला आजार व्हावा, आणि त्या आजाराला रंगच नसावा? मग बाबांनी त्यांच्या हातांतून घसघशीत पिवळा काढून दाखवला आणि काका कृतकृत्य झाले. त्या दिवसापासून गोळ्या बंद. आज ते आणखी थोडा काढून घ्यायला आले होते.

तेवढ्यात मागून काकू आल्या. त्यांच्या एका हातात गोळ्यांची न फोडलेली पाकिटं होती आणि दुसऱ्या हातात डॉक्टरीणबाईंचं मनगट.

"अहो, ह्या गोळ्या कपाटात काय करतायत?"

"आजार वाहून गेला. गटारात. विश्वास नसेल तर गटाराला विचार."

डॉक्टरीणबाईंनी रांग मोडून हात पुढे केले. "बाबा, आधी माझे."

लेप लागला, पाणी पडलं, पिवळा ओघळला. गर्दी हळहळली, "अरेरे, डॉक्टरलाच!"

"माझी तपासणी नुकतीच झालीय. लसही घेतलीय. काही नाही मला."

"खोलातली आहे, बाई," बाबा डोळे मिटून म्हणाले. "यंत्राला दिसत नाही."

काकूंनी एव्हाना वाटीतला लेप बोटावर घेऊन थिएटरच्या खांबाला फासला होता. आता त्यांनी तांब्या उचलून वर पाणी सोडलं. खांब पिवळाजर्द झाला.

"बाबा, ह्याची किती खोल आहे हो? बिचारा दिवसभर उन्हात उभा असतो."

कोणीतरी फिस्सकन हसलं. काका मात्र खांबापाशी गेले. बोट फिरवलं, चोळलं, वास घेतला. चेहरा पडला.

"चुना आहे हा. आणि ते पाणी म्हणजे झाडाच्या सालीचा काढा. नुसता काढा फिका दिसतो, चुना लागला की पिवळा उठतो. आपल्या दुकानात मी रोज हेच करतो."

"रोज करता, आणि ओळखलं नाहीत?"

"दुकानात मी त्याला हात जोडत नाही गं!"

गर्दी खो खो हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

"गोळी अशी अचानक सोडली की विषाणू उसळू शकतो, काका. यकृत सुजतं. वण वाढत गेले तर ते दगडासारखं होतं, कधी कॅन्सरही होतो. पिवळं दिसतं ते पुष्कळदा उशिरा. रक्त आजच तपासायचं."

काका मटकन पायरीवर बसले. "उशीर झाला असेल तर?"

"ते तपासल्यावर कळेल. जे असेल त्यावर उपचार करू. पण बघायचंच नाही असं नको."

काकूंनी नवऱ्याच्या निळ्या मानेवरून पदर फिरवला. "चला. मी आहे. माझी लस झालीय, आपण जेवतोही शेजारी बसून. हा रक्तातून पसरतो, म्हणून एक दाढीचं पातं तेवढं वेगळं ठेवतो, त्यानं संसार मोडत नाही."

काका उठले. रांगेकडे वळून म्हणाले, "मंडळी, मी शहाणा माणूस, पण शहाणपण दुकानात ठेवून आलो होतो. तुम्ही तसं करू नका. रक्त तपासून घ्या. आजार नसेल तर लस घ्या, असेल तर डॉक्टर सांगतील तसं वागा. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर म्हणावं, हाच जरा खांबावर करून दाखवा."

रांग तशीच्या तशी दवाखान्याकडे वळली. पायरीवर बाबा एकटेच उरले. डॉक्टरीणबाई थांबल्या.

"चुन्यानं हातांना भेगा पडल्यात तुमच्या, रक्त येतंय. दिवसभर लोकांच्या हातांना हात लावता. तुम्हीही तपासून घ्या."

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. गरजणारा आवाज पार खाली आला.

"येतो. पण बाई, ती सुई टोचतात ना... तेव्हा कोणी माझा हात धरेल का?"